तिसऱ्या दिवसाचा आकडा

गुरुवारी दुपारी घरात बाटली फुटली. ताईचा डोळा गेला. रविवारी तिची हळद होती.

ही तीन वाक्यं लिहून मी वही मिटली, ती पुन्हा उघडायला तीन आठवडे गेले. दादाला जाऊन आता आठ महिने झालेत. आई आणि बाबा त्याच्या कितीतरी आधी गेले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी लावते, आणि एवढ्या वर्षांत एक साधी गोष्ट मला जागेवर लावता आलेली नाही. ती इथे लावून ठेवते. वाचायला उशीर झालेला आहे, ज्याने वाचायला हवी होती तो वाचणार नाही, हे मला कळतं.

आमचं घर सुकापूरला होतं. आता तिथे सात मजली इमारत आहे, आणि तिच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका डोक्यावरून जाणाऱ्या विमानांकडे मान वर करूनही बघत नाहीत. तेव्हा तिथे आमची ओटी होती, ओटीमागे माजघर, माजघरामागे आतली खोली आणि त्यामागे लांबलचक पडवी. बाबांचं तरुणपण मिठागरात गेलं होतं. मिठागरं बुजली, त्यांच्यावर रस्ते आले, तरी बाबांच्या टाचांच्या भेगा शेवटपर्यंत बुजल्या नाहीत. आगरातलं पाणी मीठ धरायला तयार झालं की नाही ते बाबा बोट बुडवून, जिभेला लावून सांगायचे, आणि त्यांचं सांगणं चुकायचं नाही असं त्यांच्या वेळची माणसं म्हणायची. घरात सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची, दुपारी वाल नाहीतर बोंबील. आई जेवायला हाक मारायची ती तीन घरं पलीकडे ऐकू जायची. आई-बाबांची भाषा गावची होती, ताईची त्यांच्यासारखीच. दादा त्यांच्याशी गावचं बोलायचा आणि माझ्याशी शाळेतलं. मी फारसं कुणाशीच बोलायचे नाही. पडवीच्या मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे. दादाने माझं नाव मास्तरीण ठेवलं होतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, ताई पाच वर्षांनी. ती दोघं एकमेकांना चिकटून वाढलेली. मी मागून आलेली, थोडी पाहुण्यासारखी. दादा तळोज्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. पाण्याचे, आम्लाचे नमुने तपासून आकडे लिहायचे हे त्याचं काम, आणि कामाचा त्याला अभिमान होता. कुठल्याशा पाळीत रिकामा बसलेला असताना त्याच्या डोक्यात घरी बिअर करायचं आलं. नव्या पनवेलच्या इंटरनेट कॅफेत बसून त्याने पानंच्या पानं छापून आणली. जव भिजवून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, मोठ्या तव्यावर भाजायचे, भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचे आणि मग त्या गोड पाण्यात हॉप्सची वाळलेली फुलं घालून उकळायचं. फुलं आणि साखर आंबवणारं यीस्ट मुंबईचा एक मित्र आणून द्यायचा. पहिल्या उकळीला घरभर जो कडवट वास सुटला त्याने आई ओटीवर जाऊन बसली.

"घरान दारू करतंस आनि वर वहीन लिवतंस पन," आई म्हणाली. "पोलिसाला शोधायची पन मेहनत नको."

"आई, दारू नाय ती. बिअर हाय."

"झेंडूला गोंडा म्हटला तर काय वास बदलतो क?"

पहिली खेप आंबली आणि ती चिंचेच्या मुळाशी ओतली गेली. दुसरी बरी झाली. बाबांनी पेलाभर घेतली, ओठ पुसले आणि "हाय, पानी नाय," एवढं म्हणाले. दादा त्या एका वाक्यावर आठवडाभर खूश होता. मग ताईचं लग्न ठरलं, उरणकडच्या एका गावात. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. सगळा गाव जेवतो, पितो, नाचतो, आणि कुणाच्या हळदीला काय होतं याची वर्षभर चर्चा चालते. दादाने जाहीर करून टाकलं की ताईच्या हळदीला पाहुण्यांना तो स्वतःच्या हातची बिअर पाजणार.

"माझ्या हलदीन फेस आला नाय ना," ताई म्हणाली, "तर मांडवाच्या खांबाला बांधीन तुला. नवऱ्याआधी तुलाच हलद फासीन."

ताई हसायची तेव्हा तिचं सगळं अंग हसायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण ज्यांनी तिला नंतर पाहिलं त्यांना ते खरं वाटत नाही.

तिसरी खेप मोठी होती. तीस लिटरचा पांढरा ड्रम आतल्या खोलीत ठेवला. त्या खोलीला खिडकी नव्हती. तांदळाच्या कणग्या, ट्रंका, कोपऱ्यात देव, आणि भर उन्हाळ्यातही पायाला गार लागणारी जमीन. ड्रमच्या झाकणाला भोक पाडून त्यातून एक नळी काढली होती आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं होतं. आतला वायू त्या पाण्यातून बाहेर यायचा. टुबुक. पहिले दोन दिवस तर तो आवाज थांबायचाच नाही, जेवताना माजघरात ऐकू यायचा, आणि बाबा घास हातात धरून म्हणायचे, "जावय बोलतंय बघ तुमचा." झाकणातून दिसणारा फेस वर चढला, तपकिरी झाला, खाली बसला, आणि ड्रमच्या आतल्या अंगाला त्याचं कडं राहिलं. मग थंडी पडली. पनवेलची थंडी ती कसली, पण त्या वर्षी चांगली पडली. आवाज विरळ झाला आणि मग थांबला.

मला वाटलं, झालं. दादा हसला. त्याने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि जमिनीवर बसवलं. एका उंच, अरुंद नळकांड्यात ड्रममधला नमुना घेतला आणि त्यात काचेचा हायड्रोमीटर सोडला. खाली फुगीर, वर पेन्सिलीसारखा, आत आकड्यांची पट्टी.

"बुडबुड्यांवर जायचं नाही, मास्तरीण. झाकण सैल असलं तरी बुडबुडे थांबतात आणि ऊन लागलं तरी सुरू होतात. फेसावर जायचं नाही. चवीवर तर मुळीच नाही. साखर किती उरली ते फक्त हा सांगतो. साखर जास्त, तर हा वर तरंगतो. साखर संपत जाते तसा खाली जातो. याला आधी असा बोटांनी फिरवायचा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. वरून बघायचं नाही. कडेला पाणी काचेवर चढतं, ते सोडून खालची रेषा धरायची. वाच."

"एक हजार वीस."

"सुरू केलं तेव्हा एक हजार अठ्ठेचाळीस होतं. आता मला सांग, संपलं की नाही?"

"मला काय माहीत."

"बरोबर. एका आकड्यावरून कुणालाच कळत नाही. तीन दिवस, एकाच वेळी. तिन्ही दिवस तोच आकडा आला तर संपलं. एका रेषेने जरी खाली गेला तरी आत काम चालू आहे. आणि काम चालू असताना बाटलीत भरून बूच मारलं, तर वायूला जायला जागा राहत नाही." पुढचं त्याने सांगितलं नाही. हाताची मूठ केली आणि उघडली.

दादाला काकांबरोबर पत्रिका वाटायला जायचं होतं. उरण, अलिबाग, पेण, सगळ्या नातेवाइकांकडे घरच्या माणसाने जाऊन आवतण द्यायचं, तीन दिवसांचं काम. त्याने निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या हातात दिली. वार, वेळ, आकडा. "तुझ्यावर सोडून जातोय," तो म्हणाला. "घरात हे नीट कुणी करेल तर तूच." सतरा वर्षांच्या वयात मला कुणी काही सोपवलं असं ते पहिलंच. सोमवारी सकाळी आठला मी आकडा घेतला. एक हजार वीस. मंगळवारी आठला, दोनदा फिरवून, जमिनीला गाल टेकवून. एक हजार वीस. वहीत दोन्ही आकडे मी इतक्या सुबक अक्षरात लिहिले आहेत की आज ते बघवत नाहीत.

सोमवारी दुपारी घरात घाणा झाला होता. सवाष्णींनी गाणी म्हणत जात्यावर हळद दळली होती, आणि ती लग्नाची हळद डब्यात भरून, वर खण घालून, आतल्या खोलीत देवापुढे ठेवली होती. बुधवारी पहाटे मला पाळी आली. आमच्या घरात त्याचा गाजावाजा नसे. तसं असलं की स्वयंपाकाला आणि देवाला शिवायचं नाही, एवढंच. पण देवापुढे लग्नाची हळद असताना त्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही, हे आईने मला हळू आवाजात, केसांना तेल लावता लावता सांगितलं. "बाय, आतल्या खोलीन पाय घालू नको हां. ताईच्या जिवाचा हाय." मी मान हलवली. मागच्या पायरीवर जाऊन बसले. एरवीही मी तिथेच बसलेली असायचे, त्यामुळे आज मी बाजूला बसले आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुरुषांना तर कळू नये अशीच ती सगळी रचना होती.

आठ वाजले. आतल्या खोलीच्या भिंतीला लागूनच पडवीत त्या दिवशी मोठी चूल मांडली होती. लग्नाच्या फेण्या करायला शेजारच्या दहा-बारा बायका जमल्या होत्या आणि त्यांची मुकादम मंगीकाकी. तांदळाचं आंबवलेलं पीठ ताटल्यांवर पसरायचं, वाफवायचं, सोलून उन्हात टाकायचं. वाफ, धूर, हसणं. ताई मधोमध बसली होती आणि सगळ्याजणी तिला नवऱ्यावरून छळत होत्या.

"सासू तुजी बारीक हाय म्हनं. फुंकलीस तर उडन."

"उडवीन ना," ताई म्हणाली. "आधी घर तं बघू दे."

चुलीची धग भिंत पीत होती. आणि नऊच्या सुमाराला मला पायरीवर तो आवाज ऐकू आला. टुबुक. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. दहा वाजेपर्यंत तो लागोपाठ येऊ लागला.

मी उठून ताईला सांगू शकले असते, तू आत जाऊन आकडा वाच. पण ताईला सांगणं म्हणजे सगळ्या पडवीला सांगणं. ती मोठ्याने विचारणार, तुला काय झालं आत जायला, आणि दहा बायका माझ्याकडे वळून बघणार, आणि मंगीकाकी काहीतरी बोलणार ज्यावर सगळ्या हसणार. आईला सांगितलं असतं तर आईला तो दांडीवरचा आकडा वाचता येत नव्हता. दादा आला की त्याला सांगता आलं असतं, आज नाही घेतला. तो विचारणार, का? त्या "का"चं उत्तर मोठ्या भावाला देणारी मुलगी आमच्या गावात त्या वेळी नव्हती. निदान ती मी नव्हते. मी पायरीवर बसून आवाज ऐकत राहिले आणि स्वतःला दादाचंच वाक्य सांगितलं. बुडबुड्यांवर जायचं नाही. ऊन लागलं तरी सुरू होतात. मग वही उघडली. बुधवार, सकाळी आठ. एक हजार वीस. आणि उरलेला दिवस पुस्तक वाचलं. कुठलं ते आठवत नाही. मला सगळी पुस्तकं आठवतात, ते आठवत नाही.

संध्याकाळी पाचला, चूल विझून आवाज पुन्हा थांबल्यावर, दादा आला. उन्हाने काळा पडलेला, खिशात पेढ्याचा पुडा. पाणी प्यायच्याही आधी त्याने वही मागितली.

"वीस, वीस, वीस," त्याने वाचलं. "जरा वर थांबली. मला वाटलं होतं बारापर्यंत जाईल. थंडीने झोपली असेल." मग माझ्याकडे बघून, "तिन्ही दिवस आठलाच ना?"

"हो."

आई त्याच्या मागे लागलीच होती. पाहुणे यायला लागतील, देवाच्या खोलीतून तो ड्रम बाहेर काढ, आज म्हणजे आज. त्याचे दोन मित्र भंगारवाल्याकडून आणलेल्या बाटल्या उकळून, वाळवून घेऊन आले होते. कारखान्यातल्या एका फिटरने बुचं दाबायचं हत्यार करून दिलं होतं. ड्रम पडवीत आला. मी अजून पायरीवरच होते. प्रत्येक बाटलीत फेसापुरतं चमचाभर साखरेचं पाणी, मग नळीने बिअर, मग बूच. बाबा खाटेवर बसून बघत होते. त्यांनी हात पुढे केला, दादाने पेल्यात थोडी ओतून दिली. बाबांनी घोट घेतला, तोंडात धरला, आणि गिळला.

"गोड हाय अजून," ते म्हणाले. "झाली नाय ती."

"बाबा, चवीवर नाय कलत त्यात."

"तुला नाय कलत. मला कलतं. आगरान तीस वर्सं पानी चाखलंय मी. ही अजून चालू हाय."

दादा थांबला. नळीला बोटाने दाबून धरलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात संशय नव्हता. दोन साक्षीदारांत फरक पडला तर माणूस शहाण्याकडे बघतो तसं त्याने बघितलं.

"मास्तरीण, नीट बघितलेलास ना? खालची रेषा?"

मी म्हटलं, "हो दादा. वीसच होता."

त्याने बोट काढलं. त्याने स्वतः पुन्हा का नाही मोजलं, हे मला पुढे कितीतरी जणांनी विचारलं, त्याच्याबद्दल बोलताना, त्याच्या माघारी. मोजायला दहा मिनिटं लागली असती. मोजलं नाही, कारण माझा आकडा होता.

बेचाळीस बाटल्या झाल्या. आई नको म्हणत होती, पण घरात दुसरी गार जागा नव्हती, म्हणून गोणपाटाखाली झाकून त्या पुन्हा आतल्या खोलीत गेल्या, ट्रंकांच्या शेजारी. पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी दादा आणि गावातली मुलं अंगणात मांडवाचे बांबू बांधत होती. मंगीकाकी म्हणाली, हळद पुरेल ना, बघू आण डबा. ताई उठली. ताईच उठली, कारण तिला बसून राहणं जमायचं नाही. मी पायरीवर होते. आधी एक आवाज झाला, आणि त्याच्या पाठोपाठ तीन-चार. मांडवातल्या मुलांना वाटलं कुणी फटाके लावले. मग दाराखालून फेस बाहेर आला. डबा सांडला होता. पडवीत आला तो फेस पिवळा होता.

दादाने तिला उचललं आणि रिक्षात घातलं. त्याच्या दोन्ही तळव्यांत काचा होत्या, त्या त्याला रात्री कळल्या. पनवेलच्या दवाखान्यातून मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी दुसरा डोळा वाचला हे चांगलं झालं असं सांगितलं, आणि ते खरं होतं. व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभी होते. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"तू बुधवारी आत गेली नव्हतीस," ती म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली.

"मीच बसवलेली तुला. मला म्हाईत हाय." मग ती पदराच्या काठाचा दोरा ओढू लागली. "आता कोनाला काय सांगू नको. एकीचं मोडल्यात जमा हाय. दुसरीचं मोडायला नको. तो पुरुस हाय. त्याचं निभल."

माझ्या आईला मी वाईट म्हणत नाही. तिच्याकडे तीन मुलं होती आणि दोनच वाचवता येतील असं तिला वाटलं. पण कुणाला सोडायचं हे तिने एका व्हरांड्यात, दोरा ओढता ओढता ठरवलं, आणि मी ते स्वीकारलं. सोयीचं होतं म्हणून स्वीकारलं.

मुलाकडची माणसं येऊन गेली. फळं आणली, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा घेतला. दोन दिवसांनी मध्यस्थ आला. "पोरीन काय खोट नाय," तो म्हणाला. "पन लग्नाची हलद सांडली. त्यांची मानसं घाबरतात." बाबांनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि येऊन खाटेवर बसले. दादाने ड्रम, नळी, हत्यार, उरलेल्या बाटल्या, सगळं टेम्पोत घालून खाडीवर नेलं. ताई घरी आली तेव्हा तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "बाबानी सांगितलेलं ना तुला, गोड हाय म्हनून?" तो म्हणाला, "हो." ते त्या दोघांचं शेवटचं बोलणं.

मला वाटलं होतं, महिनाभर चालेल. ते दादा मरेपर्यंत चाललं. एका घरात, पुढे त्या घराच्या जागी झालेल्या इमारतीत, ती पहिल्या मजल्यावर आणि तो तिसऱ्या. ताईने लग्न केलं नाही, दादानेही नाही. ती त्याचा स्वयंपाक करायची. डबा भरून जिन्याच्या कठड्यावर ठेवायची, तो न्यायचा आणि धुऊन परत ठेवायचा. दर काही वर्षांनी तिचा बसवलेला डोळा बदलावा लागे. दादा गाडी काढून तिला मुंबईला न्यायचा, ती मागच्या सीटवर बसायची आणि पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघायची. काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत. माझं लग्न झालं होतं. व्यवस्थित झालं. पनवेलातच घर मिळालं, मी दर रविवारी जायचे.

"त्याला सांग, कालचे बोंबील खारट झालेले, टाकून दे म्हनावं."

"ताई, तो इथेच बसलाय."

"तूच सांग."

मी सांगायचे. तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, संपवले." त्या रविवारांत मी ते एक वाक्य बोलले असते तर त्या दोघांमधला जिना संपला असता. दर रविवारी मी ते बोलायचं ठरवून जायचे आणि निरोप पोचवून परत यायचे. आई गेली तेव्हा वाटलं, आता मोकळीक आहे. मग वाटलं, आता आईला का आणायचं मध्ये. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला कारण सापडायला कधी अडचण येत नाही.

दादा दुपारी गेला, जिन्यात, हातात रिकामा डबा घेऊन. ताईने दार उघडलं तेव्हा तो पायऱ्यांवर बसलेला होता. तिने त्याला हाक मारली का, मी विचारलेलं नाही.

तेराव्यानंतर मी त्याची खोली आवरायला गेले. कपाटाच्या तळाशी, एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली ती निळी वही होती आणि कापसात ठेवलेला हायड्रोमीटर. मला वाटलं होतं तोही खाडीत गेला. वहीत माझी तीन ओळींची नोंद होती. पान उलटलं तर पुढे दादाचं अक्षर. बाटली फुटली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू केलेलं. वार, वेळ, आणि पुढे, "पाणी – एक हजार." खाली पुन्हा, "पाणी – एक हजार." पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. साधं पाणी, गार पाणी, वजन करून साखर घातलेलं पाणी, जेवढा यायला हवा तेवढाच आकडा. दीड महिना रोज सकाळी आठ वाजता त्याने तो हायड्रोमीटर तपासला होता. त्यात दोष नव्हता. एका सकाळी नोंदी थांबल्या आहेत. त्याने त्या दिवसापर्यंत वाचण्यात दोष शोधला होता, काचेत शोधला होता. ते संपल्यावर शोधायला एकच जागा उरत होती, आणि तो त्या माणसाला दर रविवारी विचारायचा, "मास्तरीण, चहा घेणार ना?"

मी वही घेऊन खाली पहिल्या मजल्यावर गेले. ताई वाल सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बुधवार, पाळी, पायरी, आवाज, आकडा, व्हरांडा, सगळं. तिचा हात थांबला नाही. एक वाल, दुसरा वाल. सालं एकीकडे, डाळ एकीकडे.

"आईला म्हाईत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आनि त्याला?"

मी वही तिच्या पुढे उघडून धरली. तिने ती हातात घेतली नाही. चांगल्या डोळ्याच्या बाजूने मान वळवून तिने एक पान वाचलं, मग दुसरं, सावकाश, ओठ हलवत. मग पुन्हा वाल सोलू लागली.

"मंग आता मी कोनाशी बोलायचं बंद करू?" ती म्हणाली.

ताई माझ्याशी बोलते. भाजीचं, पाण्याच्या टाकीचं, गुडघ्याचं बोलते. दादाचं नाव ती काढत नाही. रविवारी मी गेले की दोन ताटं वाढते, आणि जेवण झालं की रिकामा डबा धुऊन कठड्यावर उपडा घालते. तो हायड्रोमीटर माझ्या टेबलाच्या खणात आहे. महिन्यातून एकदा मी तो पाण्यात सोडते. तो अजून बरोबर एक हजार दाखवतो.